‘तू कोणाचो?’ हा प्रश्न बातमीलाही विचारावा

राजापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : नववीच्या वर्गाला माध्यमसाक्षरता शिकवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुलांना बनावट छायाचित्र ओळखण्याच्या खुणा सांगितल्या होत्या. हाताची बोटे मोजा, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे वाचा, सावल्या कोणत्या बाजूला पडल्या आहेत ते पाहा. यंदा मुलांनीच मोबाइलवर चार चित्रे तयार करून आणली. बोटे पाचच्या पाच होती, पाटीवर ‘किराणा भुसार’ शुद्ध लिहिलेले होते आणि सावल्याही बिनचूक होत्या. तंत्रज्ञान दर सहा महिन्यांनी बदलत असेल, तर शिकवायचे तरी काय, असे त्या विचारतात. दुसरा प्रश्न त्यांनी जाता जाता विचारला आहे, पण मला तो अधिक अवघड वाटतो : घरची वडीलधारी माणसे जे काही पुढे पाठवत असतात, त्याबद्दल मुलांनी त्यांच्याशी बोलावे कसे?

मी सव्वीस वर्षे एका जिल्हा दैनिकाच्या संपादकीय विभागात काढली आणि गेली नऊ वर्षे दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत शाळा, मच्छीमार सहकारी संस्था आणि महिला बचत गट यांच्यासाठी याच विषयाचे वर्ग घेतो आहे. बोटे मोजायला मीही शिकवत होतो. त्याबद्दल आज संकोच वाटतो, कारण त्यातली चूक तेव्हाच दिसायला हवी होती. चित्रातले सहावे बोट हा यंत्रातला दोष होता, आणि दोष दुरुस्त होतात. दोन संगणकीय जाळ्यांना एकमेकांविरुद्ध झुंजवून चित्रे घडवण्याची पद्धत २०१४ मध्ये मांडली गेली. एखाद्याचा चेहरा किंवा आवाज यंत्राने हुबेहूब बनवणाऱ्या बनावटीसाठी ‘डीपफेक’ हा शब्द २०१७ मध्ये रूढ झाला. २०२२ पासून साध्या वाक्यावरून चित्र काढून देणारी साधने कोणाच्याही हातात आली. प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी खुणांची यादी केली आणि पुढच्या टप्प्याने ती रद्दीत टाकली. यादी जुनी होते एवढाच तोटा असता तर चालले असते. परंतु ज्या मुलाने यादी पाठ केली, त्याला तिच्यातला एकही दोष सापडला नाही की तो समोरचे चित्र खरे धरून चालतो. न शिकलेला मुलगा निदान साशंक तरी असतो.

कोकणात अनोळखी माणूस पाणंदीतून वर आला आणि पडवीच्या पायरीशी थांबला, तर म्हातारी माणसे त्याच्या कपड्यांची पारख करत बसत नाहीत. ‘‘खंयचो रे तू? कोणाचो?’’ एवढेच विचारतात. उत्तरात गाव येते, वाडी येते, घर येते, आणि त्या गावात आपले कोणी ना कोणी ओळखीचे, सोयरिकीचे असतेच. त्यांच्याकडे चौकशी करता येते. समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून तो खरा की खोटा हे ठरवण्यापेक्षा ही पद्धत जुनी आणि भरवशाची आहे, आणि माझ्या मते माध्यमसाक्षरतेचा गाभा तोच आहे. चित्रात किंवा मजकुरात डोके खुपसून बसायचे नाही, त्याच्या बाहेर पडून त्याच्याविषयी चौकशी करायची.

याला अभ्यासाचा आधारही आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांनी २०१७ मध्ये एक पाहणी मांडली. १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे दाखवून त्यांची विश्वासार्हता ठरवायला सांगितले होते. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी बहुधा त्या पानावरच रेंगाळले. बोधचिन्ह, मांडणी, ‘आमच्याविषयी’ या सदरातला मजकूर वाचत राहिले आणि त्यालाच फसले. तथ्यतपासनीस मात्र पानावर पोहोचताच ते सोडून शेजारी दुसऱ्या खिडक्या उघडत आणि ही संस्था कोणाची, तिच्याविषयी इतर लोक काय म्हणतात, ते आधी पाहत. कमी वेळात ते अधिक अचूक निष्कर्षाला पोहोचले. शाळेत आपण ‘लक्षपूर्वक वाचा’ असे सारखे बजावत असतो. पाठ्यपुस्तकापुरते ते ठीक आहे, कारण ते वर्गात येण्याआधी त्याची चौकशी कोणीतरी केलेली असते. मोबाइलवर येणाऱ्या मजकुराची तशी कोणीच केलेली नसते.

म्हणून पहिल्या तासाला मोबाइल बाजूला ठेवून वर्तमानपत्राचे शेवटचे पान न्यावे असे मी सुचवतो. त्या पानाच्या तळाशी डोळ्यांना ताण पडेल इतक्या बारीक अक्षरांत एक ओळ असते : हे पत्र अमुक मालकांसाठी तमुक मुद्रक व प्रकाशक यांनी अमुक छापखान्यात छापून तमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक अमुक. ती छापणे १८६७ च्या कायद्याने सक्तीचे केले होते. तो कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला, तरी छापील पत्रातली ती ओळ काही गेली नाही. मुले आयुष्यात प्रथमच ती वाचतात आणि ‘हे कशासाठी?’ असे विचारतात. मजकूर चुकला, कोणाची बदनामी झाली, तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे, हे त्या ओळीत लिहिलेले असते. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हापासून मराठी वाचक जे छापील वाचत आला, त्याच्यामागे एक नाव आणि एक पत्ता उभा होता. ते नाव चांगलेच होते असे नाही. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांतले काहीजण जाहिरातदाराचा फोन आला की बातमी आतल्या पानात ढकलत. पण ती कोणी ढकलली हे साऱ्या तालुक्याला ठाऊक असे.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या मजकुराला ही ओळ नसते. त्याऐवजी तिथे बाण असतात आणि मुलांना त्या बाणांचा अर्थ समजावून द्यायला हवा. २०१८ पासून पुढे पाठवलेल्या संदेशावर एक बाण दिसू लागला. जो संदेश पाच किंवा अधिक टप्पे पार करून आला आहे, त्यावर दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण येते, आणि एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. माझ्या वर्गात दहापैकी सात-आठजण हे दोन बाण ‘पुष्कळ लोकांनी मान्य केलेले’ अशा अर्थाने वाचतात. खरे तर ती खूण एवढेच सांगते की हा पाहुणा पाच घरे फिरून आला आहे आणि तो मूळचा कोणाचा हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

छायाचित्राच्या बाबतीत माझ्याच हातून झालेली एक चूक मी प्रत्येक वर्गात सांगतो. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले. रात्री उशिरा ई-मेलवर किनाऱ्यावर आपटून फुटलेल्या होड्यांचे एक छायाचित्र आले, सोबत आमच्याच एका बंदराचे नाव होते. पान छपाईला सुटायला वीस मिनिटे होती. छायाचित्र उत्तम होते. मी ते पहिल्या पानावर घेतले. दुसऱ्या दिवशी जेटीवर मासळीच्या लिलावाला उभ्या असलेल्या एका बाईंनी तो अंक माझ्यापुढे धरला आणि म्हटले, ‘‘दादा, ह्यो होड्यो आमच्यो न्हय. हेंका उलांडी खंय आसा?’’ आमच्या भागातल्या लहान होडीला तोल सांभाळण्यासाठी एका बाजूला दोन आडव्या काठ्यांवर बांधलेले लांब लाकूड असते, तीच उलांडी. छायाचित्रातल्या एकाही होडीला ती नव्हती आणि नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, आमच्या होडीपेक्षा कितीतरी उंच वर गेलेली होती. छायाचित्र पूर्णपणे खरे होते, त्यात काडीचाही बदल केलेला नव्हता. ते फक्त दुसऱ्या कुठल्या तरी किनाऱ्याचे आणि दुसऱ्या कुठल्या तरी वादळाचे होते. आजही आपल्यापर्यंत येणाऱ्या फसव्या चित्रांतली बरीचशी याच जातीची असतात : चित्र खरे, पण गाव आणि तारीख खोटी. कृत्रिम बुद्धिमत्तेची भीती घालताना आपण हे विसरतो की खोटे बोलायला नवे यंत्र लागत नाही, जुने छायाचित्र पुरते.

अशा चित्राची चौकशी आता फारच सोपी झाली आहे आणि नववीच्या मुलांना ती दहा मिनिटांत येते. गूगल लेन्समध्ये चित्र टाकायचे आणि ते यापूर्वी कुठे, कधी दिसले होते ते पाहायचे; व्हिडिओ असेल तर त्यातली दोन-तीन ठळक दृश्ये थांबवून त्यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे आणि तेच करायचे. सापडलेल्यांपैकी सर्वांत जुने कोणते ते शोधायचे, कारण वादळाच्या आधीची तारीख निघाली की प्रश्नच मिटला. येथे एक गोष्ट मुलांना समजावून द्यावी. यंत्राने नव्याने घडवलेल्या चित्राला मागचा इतिहासच नसतो, त्यामुळे शोधात काहीच सापडत नाही आणि मुले म्हणतात, ‘‘सर, काही निघाले नाही, म्हणजे खरे असेल.’’ त्यांना विचारावे : चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले आणि ते फक्त एकाच माणसाने, एकाच कोनातून टिपले, असे होईल का? २२ जुलै २०२१ च्या पुरात शहराच्या प्रत्येक गच्चीवरून कोणी ना कोणी चित्रण करत होते. मोठ्या घटनेचे एकच छायाचित्र फिरत असेल आणि त्या गावात त्याला ओळखणारे कोणी नसेल, तर त्याला पडवीत घ्यायची घाई करू नये.

उगमाची खूण वस्तूलाच चिकटवून ठेवण्याचे प्रयत्नही चालू आहेत आणि ते समजावून देताना मी आंब्याचे उदाहरण घेतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी मार्च-एप्रिलमध्ये वाशीच्या बाजारात आणि रस्त्याकडेला ‘देवगड’ छापलेल्या पेट्यांत परराज्यातला आंबा मिळतोच. पेटीवरचे नाव कोणीही छापू शकतो. म्हणून प्रत्येक फळाला वेगळा क्रमांक असलेले स्टिकर लावून तो क्रमांक बागायतदाराशी जोडण्याची पद्धत देवगडच्या उत्पादकांनी सुरू केली. डिजिटल छायाचित्रांसाठी नेमके हेच करण्याच्या हेतूने अॅडोबी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, बीबीसी आदींनी २०२१ मध्ये सीटूपीए नावाची आघाडी उभी केली. तिच्या मानकानुसार चित्र कोणत्या उपकरणाने घेतले, नंतर त्यात कोणते बदल केले, याची नोंद चित्रासोबतच सही-शिक्क्यानिशी राहते. कल्पना उत्तम आहे, परंतु स्टिकर खरवडले की आंबा पुन्हा बेवारस होतो, तसेच हे आहे. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने छायाचित्र पाठवले की ते दाबून लहान केले जाते आणि ते कोठे, केव्हा, कोणत्या कॅमेऱ्याने घेतले ही माहिती गळून पडते. म्हणून वाडीत दरड कोसळल्याचे किंवा जमिनीची धूप झाल्याचे छायाचित्र पुरावा म्हणून तहसील कार्यालयाला पाठवायचे असेल, तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, हे मी बचत गटांना आवर्जून सांगतो. मूळ फाइल मोबाइलमधून काढून टाकू नये, हेही.

आता हवामानाकडे वळतो, कारण किनाऱ्यावर चुकीच्या बातमीची किंमत सर्वांत लवकर इथेच मोजावी लागते आणि मुलांच्या घरात हा विषय रोजचा असतो. भारतीय हवामान विभागाच्या इशाऱ्यात रंग असतो, जिल्हा असतो आणि मुदत असते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रोजच्या इशाऱ्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो, आणि तातडीचा अल्पकालीन इशारा अवघ्या तीन तासांसाठी असतो. व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरताना यातली मुदत सर्वांत आधी गळते. ‘रत्नागिरीला रेड अलर्ट’ एवढे तीन शब्द उरतात आणि ते तीन दिवस फिरत राहतात, तोवर ऊन पडलेले असते. पुढच्या खेपेला खरा लाल इशारा आला की लोक हसतात. मुलांना खरा इशारा आणि त्याचे गटावर पोहोचलेले रूप शेजारी शेजारी ठेवून काय काय गळले ते शोधायला सांगावे. व्याकरणाच्या तासाइतकाच तो तास रंगतो.

आणि चूक फक्त गटांवर होते असे समजू नये. दर पावसाळ्यात आमच्या व्यवसायातली मोठमोठी माध्यमे ‘आज समुद्रात ४.८ मीटर उंच लाटा उसळणार’ असे छापतात आणि दाखवतात. तो आकडा लाटेचा नसतो, भरतीचा असतो. सागरी नकाशासाठी ठरवलेल्या आधारपातळीपासून, म्हणजे साधारणपणे सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून, भरतीचे पाणी किती वर चढेल ते तो सांगतो; शांत हवेत, एकही मोठी लाट नसतानाही पाणी तिथवर चढतेच, आणि ते वर्षभर आधी छापलेल्या भरतीच्या तक्त्यात दिलेले असते. लाटांची उंची ही वेगळी गोष्ट आहे. तिचा अंदाज हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे महासागर माहिती केंद्र देते, आणि तो देताना सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी धरलेली असते. त्यातून तो ४.८ चा आकडा मुंबईचा असतो. दक्षिणेकडे, रत्नागिरी-मालवणला, भरतीची उंची मुंबईपेक्षा बरीच कमी असते. म्हणजे मुंबईच्या वाहिनीने भरतीला लाट म्हटले, चाकरमान्याने ते गावच्या गटावर टाकले, आणि मालवणातल्या तांडेलाने, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाने, दुसऱ्याच बंदराची, दुसऱ्याच मोजमापाची संख्या आपली म्हणून वाचली. तांडेल फसत नाही, तो आकाश आणि बंदरावरचा इशाऱ्याचा बावटा पाहतो. फसतो तो किनाऱ्यावर घर बांधून राहिलेला नवा माणूस. तात्पर्य, नामांकित माध्यमाचे बोधचिन्ह दिसले की चौकशी संपली असे मुलांना शिकवू नये.

सर्वांत कठीण तास मात्र आपल्याला आवडणाऱ्या खोट्याचा असतो. आमच्या सिंधुदुर्गात विजयदुर्ग किल्ला आहे आणि त्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवरून हेलियमचा शोध लावला, असे आपल्याकडे सांगतात, छापतात, आणि त्या दिवशी किल्ल्यावर कार्यक्रमही होतात. मी स्वतः दोनदा असा लेख छापला आहे. निवृत्तीनंतर मूळ नोंदी पाहत गेलो तेव्हा कथा उलगडली. १८६८ च्या त्या ग्रहणासाठी लॉकियर भारतात आलेच नव्हते. पिएर जान्सन हे फ्रेंच शास्त्रज्ञ त्या दिवशी गुंटूरला होते. लॉकियर यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि त्यातली पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नाही, हे पुढच्या कामातून त्यांच्या ध्यानात आले. पृथ्वीवर हेलियम विल्यम रॅम्झी यांना १८९५ मध्ये सापडला. आणि लॉकियर विजयदुर्गला आले हेही खरेच आहे, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, मोठा चमू आणि दुर्बिणी घेऊन. तीस वर्षांच्या अंतराची दोन ग्रहणे, एकच शास्त्रज्ञ आणि एकच किल्ला लोकांच्या स्मरणात एकमेकांत मिसळून गेले.

हे मी पहिल्यांदा त्या भागातल्या एका शाळेत सांगितले तेव्हा एक गृहस्थ चिडून उठले आणि ‘‘बाहेरून येऊन आमच्या किल्ल्याला कमी लेखू नका’’ असे म्हणाले. मी बाहेरचा नव्हतो, पण त्यांचे दुखणे मला कळले. खोटी बातमी आपल्याला घाबरवते तेव्हा तिच्यावर संशय घेणे सोपे असते. ती आपल्या गावाचा मान वाढवते तेव्हा संशय घेणारा घरभेदी ठरतो. १८९८ ची खरी हकीकतही काही कमी रंजक नाही, हे त्यांना पटायला चहाचे दोन कप लागले.

याच उदाहरणावर मुलांना चॅटबॉट, म्हणजे प्रश्नाला लिहून उत्तर देणारे एआयचे यंत्र, कसा चालतो ते दाखवता येते. हेलियमचा शोध कुठे लागला, असा प्रश्न मराठीत टाकायला सांगावा, आणि नंतर ‘विजयदुर्गावर लागला ना?’ अशी पुस्ती जोडायला सांगावी. उत्तरे वेळोवेळी वेगळी येतात. काही वेळा यंत्र बरोबर सांगते. काही वेळा मुलाच्या पुस्तीला मान डोलावते आणि वर कोणत्याही नोंदीत नसलेला तपशील घालते. कारण समजून घेतले तर आश्चर्य वाटत नाही. अशी प्रणाली अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, हे शिकलेली असते. ज्या गोष्टीविषयी मराठीत मजकूर थोडा आणि तोही एकमेकांवरून उतरवलेला, तिथे ती त्याच उतरवलेल्याची री ओढते. दहा संकेतस्थळे एकच गोष्ट सांगतात म्हणजे दहा साक्षीदार झाले असे नव्हे. वाक्ये शब्दश: जुळत असतील तर साक्षीदार एकच आहे आणि बाकीच्या नऊ त्याच्या झेरॉक्स प्रती आहेत. मुलांनी यंत्र वापरूच नये असे मी म्हणणार नाही, मीही वापरतो. त्याने दिलेली तारीख आणि नाव वहीत उतरवण्याआधी ते कुठून घेतले हे विचारावे आणि सांगितलेला स्रोत खरोखर अस्तित्वात आहे का, ते उघडून पाहावे.

भीतीविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण यातली उदाहरणे वर्गात जपूनच घ्यावी लागतात. २०१८ मध्ये भारतभर मुले पळवणाऱ्या टोळीचा म्हणून जो व्हिडिओ फिरला, तो कराचीतल्या एका संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी तयार केलेला होता. मोटारसायकलवरून मूल उचलून नेणे आणि लगेच ते परत आणून सोडणे, असा तो प्रसंग होता. परत सोडण्याचा भाग आणि शेवटचा संदेश कापून टाकला, एवढीच कारागिरी. त्या वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून भटक्या समाजातील पाचजणांना जमावाने ठार मारले. आपल्या पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी अशाच अफवांच्या वातावरणात तिघांचा जीव गेला. अफवा इतकी वेगाने का धावते यावर २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर सुमारे ३० लाख लोकांनी पसरवलेल्या १,२६,००० च्या आसपास बातम्या तपासल्या, तेव्हा खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त आढळली, आणि तिने जागवलेल्या भावनांत आश्चर्य व किळस या ठळक होत्या. म्हणून मी मुलांना एक साधी सवय लावतो : वाचून छातीत धडधडले किंवा डोक्यात तिडीक गेली, की मोबाइल पालथा ठेवून पाणी पिऊन यायचे.

मात्र ‘सगळेच खोटे’ या टोकालाही त्यांना जाऊ देऊ नये. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा देशभर मोबाइल एकाएकी मोठ्याने वाजले. त्या दिवशी मला चौदा फोन आले, आणि चौदाही जणांना आपला मोबाइल हॅक झाला आहे असे वाटत होते. तो संदेश अस्सल सरकारी होता. उद्या त्याच वाटेने त्सुनामीचा किंवा दरडीचा इशारा येईल, आणि तेव्हा ‘हे तसलेच काहीतरी’ म्हणून कोणी झोपून राहिले, तर त्याला साक्षर करण्यात आमचीच चूक झाली असे म्हणावे लागेल. शिवाय सगळेच खोटे ठरले की ज्याचे खरे कृत्य कॅमेऱ्यात सापडले आहे तोही ‘हे एआयने केलेले आहे’ म्हणून हात झटकतो.

आवाजाच्या फसवणुकीचा एक प्रसंग सांगतो. कुडाळ तालुक्यातील एका वाडीत दुपारी फोन आला. नातवाचा हुबेहूब आवाज. मुंबईत अपघात झाला आहे, ताबडतोब पैसे पाठव, कोणाला सांगू नकोस. म्हातारीचे हात कापत होते, तिने शेजारच्या पोराला मोबाइलवरून पैसे पाठवायला बोलावलेही होते. मग तिच्या ध्यानात आले की पलीकडचा तिला ‘आजी’ म्हणतो आहे. नातू जन्मापासून तिला ‘आये’ म्हणत आला होता. तिने विचारले, ‘‘आपल्या गायीचा नाव सांग आधी.’’ फोन बंद झाला. तो आवाज यंत्राने घडवलेला होता की कोणी नकलाकार होता, हे तिला कळले नाही, मलाही नाही, आणि कळण्याची गरजही पडली नाही. मुलांना गृहपाठ म्हणून घरात असा एखादा प्रश्न ठरवून यायला सांगावे, आणि पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवायची, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे.

आता वडीलधाऱ्यांचा प्रश्न. गटावर, चारचौघांत आजोबांना ‘हे फेक आहे’ असे नातवाने लिहिले, की चर्चा बातमीची राहत नाही, मानापमानाची होते. आजोबा ती बातमी दुप्पट निश्चयाने धरून ठेवतात आणि गणपतीला घरी आल्यावरही विषय निघतो. म्हणून गटावर गप्प राहावे, जवळ जाऊन बसावे आणि ‘‘आजोबा, हे तुम्हाला कोणी पाठवले?’’ एवढेच विचारावे. ‘खोटे आहे’ हा शब्द काढूच नये. वेंगुर्ल्याच्या एका विद्यार्थिनीने हे करून पाहिले. गटावर घाटात दरड कोसळून महामार्ग चार दिवस बंद राहणार, असा संदेश होता आणि तो आजोबांनीच टाकलेला होता. आजोबांनी प्रश्न ऐकून परळच्या पुतण्याला फोन लावला, पुतण्याने त्याच्या कचेरीतल्या मित्राचे नाव सांगितले, मित्राने मेव्हण्याचे, आणि मेव्हणा म्हणाला की लोकलमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने दाखवले होते. तीन फोन झाले आणि बातमीचे गाव काही सापडले नाही. आजोबांनी कोणी न सांगता संदेश गटावरून काढून टाकला आणि खाली लिहिले, ‘‘ही बातमी कोणाची ते कोणासच ठाऊक नाही.’’ मुलांना फक्त एक मुदत सांगून ठेवा : आपण टाकलेला संदेश सर्वांच्या मोबाइलवरून काढण्याची सोय साधारण अडीच दिवसच असते, तेव्हा आजोबांशेजारी जाऊन बसायचे ते त्याआधी.